दारावरची पट्टी

१

सिकमोर रस्त्यावरच्या त्या घराला टॅलमन गावात सगळे ‘तबेला’ म्हणत. घर भाड्याचं, भाडेकरू कॉलेजच्या फुटबॉल संघातून बाहेर पडलेले चौघे थोराड पोरगे. घराची कीर्ती अशी की शुक्रवारी संध्याकाळनंतर बरी माणसं समोरच्या फुटपाथवरून जात. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी सकाळी साडेसहाला शेजारचे म्हातारे मास्तर कुत्रं फिरवायला निघाले, तर कुत्र्याने तबेल्याच्या मागच्या अंगणात जाऊन बसकण मारली. तिथे गवतात एक मुलगी पडली होती.

जूनी हॉलिस, वय एकोणीस, कॉलेजच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायची. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. वरच्या मजल्याच्या गच्चीचा हिरवा लाकडी कठडा मधोमध तुटला होता. तिच्या अंगात फुटबॉल संघाचं जाकीट होतं, तिच्या मापाच्या तिप्पट, पाठीवर ‘वाइपुलु’ हे नाव आणि बाहीवर ७४ आकडा. उजवा घोटा पांढऱ्या पट्टीने नीट बांधलेला होता.

पट्टीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. जाकिटाकडे मात्र सगळ्या गावाचं गेलं.

आता टॅलमनचा एक जुना रिवाज सांगायला हवा. सामना घरच्या मैदानावर असला तरी आदल्या रात्री संघ गावाबाहेरच्या हॉटेलात झोपतो, कारण पोरांना गावात मोकळं सोडलं तर सकाळी किती शुद्धीवर असतील याचा नेम नाही. रात्री साडेदहाला कोच प्रत्येक खोलीत डोकावतात. मागोमाग ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती बघणारा माणूस, दार आणि चौकट यांवर मिळून एक पांढरी पट्टी आडवी चिकटवतो आणि तिच्यावर सही करतो. घोट्याला बांधतात तीच ही कापडी टेप. सकाळी सातला कोच सगळ्या पट्ट्या पाहतात, आणि जिची फाटली त्याची धडगत नसते.

त्या शनिवारी पस्तीस पट्ट्या शाबूत होत्या. एक फाटली होती, खोली नंबर २१४ची. त्या खोलीत लोटु वाइपुलु झोपला होता.

२

रविवारी सकाळी कोच स्टॅम्पर पट्ट्या बांधायच्या खोलीत आले तेव्हा रोझलिन पिकेट टेपची खोकी लावत होती. वय अठ्ठावन्न, संघाची मुख्य ट्रेनर, गळ्यात दोरीला बांधलेली कात्री. टॅलमनच्या दोन पिढ्यांचे घोटे तिच्या हाताखालून गेले होते, आणि कोचपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला मिस रोझ म्हणत. तिच्या हाताखालचे दोघे ट्रेनर, डॅरिल आणि वेंडल, टेप बोटांनी टचकन तोडत. मिस रोझ गेली दोन वर्षं कात्रीने कापायची. कोणी विचारलंच तर सांगायची, कडा स्वच्छ येतात म्हणून.

“सामना तर जिंकलो,” कोच म्हणाले. “पण हे पोरीचं प्रकरण उद्या चार वाजता शिस्त समितीपुढे आहे. लोटु म्हणतो मी झोपलो होतो. तेवढंच धरून बसलाय. तू जरा बोल त्याच्याशी. तुझ्यापुढे पोरं पोपटासारखी बोलतात.”

“पोलीस काय म्हणतायत?”

“पोलिसांचं काय, समिती काय म्हणते ते बघू म्हणतायत.”

रोझला नवल वाटलं नाही. या गावात शनिवारी पोलीससुद्धा संघाचाच शर्ट घालून फिरतात. समितीने लोटुला काढलं की शिष्यवृत्ती गेली, आणि त्यामागून पोलिसांची केसही आयती तयार. पोरगं विशीचं, घर दोन हजार मैलांवर.

“आणि त्याने केलंच नसेल तर?”

कोच खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मग कोणी केलं ते सांग. पण पुढच्या शनिवारी मला संघ लागणार आहे, रोझ. हे लक्षात ठेवून सांग.”

ते वाक्य तिला दातात अडकलेल्या तुसासारखं दिवसभर टोचत राहिलं.

३

लोटु वजनं उचलायच्या खोलीत एका बाकावर बसला होता. एकशे चाळीस किलोचा देह, पण बसला होता अंग चोरून.

“मिस रोझ, जूनी कशी आहे? मला दवाखान्यात सोडत नाहीत.”

“अजून डोळे उघडलेले नाहीत तिने. आता माझ्याकडे बघ. जाकीट तिच्याकडे कसं गेलं?”

“गुरुवारी चर्चमध्ये गाण्याची तालीम होती. बाहेर पडलो तर गारठा. ती कुडकुडत होती, म्हणून दिलं. सोमवारी परत देते म्हणाली.” तो थांबला. “आम्ही नुसते एकत्र गातो, मिस रोझ. लोकांना ते पण खोटं वाटतंय.”

“आणि शुक्रवारी रात्री?”

“झोपलो होतो. देवाशप्पथ झोपलो होतो. सकाळी दार उघडलं तर कोच समोर उभे, पट्टी आधीच फाटलेली. मी म्हटलं, मी नाही फाडली. ते म्हणाले, मग काय उंदराने फाडली?”

“एकटाच होतास खोलीत?”

लोटु ओशाळला. “माझ्याबरोबर कोण झोपतंय? मी घोरतो ना.”

संघात एकटी खोली दोघांनाच मिळायची. एक क्वार्टरबॅक ग्रेडी मॅब्रीला, म्हणजे ज्याच्या हातून सगळा खेळ सुरू होतो त्याला, मानाची म्हणून. दुसरी लोटुला, इतरांच्या झोपेसाठी. पहिल्या वर्षी त्याच्या खोलीतल्या पोराने मध्यरात्री गादी ओढत नेऊन न्हाणीघरात अंथरली होती.

“आईला कळलंय का?” रोझने विचारलं.

“ती बसने निघाली आहे. दोन दिवसांचा प्रवास आहे. उद्या चारला पोचेल, समितीच्या वेळेला.” त्याचा आवाज फुटला. “काढून टाकलेलं बघायला येतेय ती.”

रोझने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. या मुलाला ती खोटं बोलताना ओळखायची. गुडघा दुखत असताना ‘दुखत नाही’ म्हणायचा तेव्हा त्याचे कान लाल व्हायचे. आज कान लाल नव्हते. पण कानांच्या रंगावर समिती कोणाला सोडत नसते.

४

लोटुच्या शेजारच्या २१६मध्ये ब्रँट नावाचा पोरगा होता. रोझने त्याला जेवणाच्या रांगेतच गाठलं.

“शुक्रवारी झोप लागली का रे?”

“कसली झोप, मिस रोझ. भिंतीपलीकडे रात्रभर लाकूड कापत होते. कानात कापूस घातला, उशी घातली, शेवटी प्रार्थना केली. चारला जरा थांबला, मला वाटलं मेला. तर कूस बदलून परत सुरू.”

“हे कोचना सांगितलंस?”

“सांगितलं की. म्हणाले, दोस्ताला वाचवायला खोटं बोलू नकोस.”

खरं सांगणाऱ्यालाही दोस्ती नडते ती अशी. रोझ तिथून ग्रेडीकडे गेली.

ग्रेडी मॅब्री मैदानाच्या कडेला पाय पसरून बसला होता. देखणा, गोडबोल्या. गावातल्या निम्म्या दुकानांत त्याचा फोटो, आणि उरलेल्या दुकानदारांना तो नसल्याची खंत.

“यावं, मिस रोझ. लोटुचं ऐकून फार वाईट वाटलं. मनाने चांगला आहे हो तो. प्यायल्यावर भान सुटतं एकेकाचं.”

“लोटु पीत नाही.”

“मला काय माहीत? मी साडेदहालाच आडवा झालो. माझ्या दाराची पट्टी बघा, वेंडलची सही आहे तिच्यावर.”

त्याच्या डाव्या तळहातावर चिकटपट्टी होती. शनिवारी सामन्याआधी रोझनेच तिथून दोन कुसळं काढली होती, चांगली खोल रुतलेली. तेव्हा गडबडीत तिने विचारलं नव्हतं.

“कुसळं कसली होती रे ती?”

“ती होय? हॉटेलच्या बागेत बाक आहे ना, लाकडी. टेकलो होतो जरा.”

तो हसला. हसू नेहमीचंच होतं, पण हात त्याने मांडीखाली घेतला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते भर दुपारीही दिसतं. कुसळांना हिरवा रंग होता, हे रोझला आत्ता आठवलं.

५

हॉटेलच्या बागेत बाक एकच होता, आणि तो लोखंडी होता.

म्हणजे हिरवी कुसळं तबेल्याच्या तुटक्या कठड्याची होती, आणि ग्रेडी त्या रात्री तिथे होता. मग त्याच्या दाराची पट्टी शाबूत कशी? रोझ जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेली. रविवारी सफाई होत नाही, त्यामुळे २१४च्या चौकटीवर फाटक्या पट्टीचा अर्धा तुकडा अजून चिकटलेला होता आणि दारावर दुसरा अर्धा.

तिने चष्मा लावला आणि खाली वाकून पाहिलं.

दार आत उघडणारं. चिकटलेली पट्टी घेऊन दार आत ओढलं तर काय होतं, हे तीस वर्षं टेप हाताळलेल्या बाईला कोणी सांगायला नको. टेप आधी चौकटीवरून सोलून निघते, चुरगळते, गुंडाळते. कापडी टेप अशी मधोमध तुटत नाही. ती तुटते एकाच रीतीने, दोन्ही हातांच्या अंगठा-बोटांत धरून टचकन झटका दिला की. ही तशीच तुटली होती, कड सरळ, एक सुरकुती नाही. वेंडलच्या सहीचे दोन तुकडे अगदी समोरासमोर उभे होते.

ही पट्टी आतल्या माणसाने दार उघडून फाडली नव्हती. बाहेर उभ्या माणसाने हाताने तोडली होती. आणि असा झटका कोचला जमत नाही, खेळाडूला जमत नाही. दिवसाला शंभर घोटे बांधणाऱ्यालाच जमतो.

टॅलमनच्या संघात असे तिघे होते. डॅरिल, वेंडल आणि ती स्वतः.

डॅरिल त्या रात्री बायकोच्या बाळंतपणात होता, मुलगी झाली म्हणून त्याने शनिवारी सगळ्यांना केक वाटला होता. रोझ जिन्याच्या पायरीवर बसली. पुढचं नाव तिच्या मनात आलं होतं, आणि तिने ते परत लोटलं. वेंडलला शत्रू असेल, कोणी त्याला अडकवत असेल, टेप कोणीही शिकू शकतं, असं ती स्वतःलाच समजावत राहिली.

६

दवाखान्यात ओपल नावाची नर्स रोझच्या ओळखीची होती. दोघी एकाच शाळेत होत्या.

“आत सोडता येणार नाही,” ओपल म्हणाली. “मेंदूत रक्त साचलं होतं. काढलंय. डॉक्टर म्हणतात चार-पाच तास आधी आणली असती तर गोष्ट वेगळी होती. पडली तेव्हा शुद्धीत असणार गं. असं होतं बऱ्याचदा, बोलतात, हसतात, आणि मग झोपतात.”

“घोट्याला पट्टी होती ना तिच्या?”

“होती. कापून काढली. तिच्या बुटांबरोबर पिशवीत ठेवलीय. तिची आई म्हणाली फेकू नका काही.”

जूनीच्या आईने मान डोलावली तेव्हा ओपलने पिशवी आणली. पट्टी कात्रीने उभी कापलेली होती, पण आकार तसाच राहिला होता, पायाचा साचाच जणू. रोझने ती दोन्ही हातांत घेतली.

कुठल्या थराखाली कुठला थर आहे, यावरून बांधणाऱ्याचा हात कळतो. जगातले ट्रेनर बहुतेक उजवे, ते टेप एका बाजूने फिरवतात. रोझ डावखुरी. तिची टेप उलटी फिरते, टाचेवरचा वेढा उलट्या अंगाने येतो. संघातली पोरं त्यावरून तिला चिडवत, मिस रोझ घड्याळ मागे नेतात म्हणून.

हातातली पट्टी उलटी फिरलेली होती. टाचेवरचा वेढा तिचा, पुढच्या तिरप्या घडीची लकबही तिची.

जगात अशी पट्टी बांधणारी दोनच माणसं होती. एक ती. दुसरा वेंडल ग्रायर. एकोणिसाव्या वर्षी गुडघा फुटून त्याचा खेळ संपला होता. बाप नव्हता, आई वर्षभरात गेली. रोझने त्याला खुर्ची ओढून आपल्या शेजारी बसवला आणि घोटा बांधायला शिकवलं. हात उजवा असूनही तो तिचं बघून उलटं बांधायला शिकला. दुरुस्त करू का, असं त्याने एकदा विचारलंही होतं. ती म्हणाली होती, राहू दे, माझी आठवण राहील.

पट्टी बांधायला तो थांबला, आणि पोरीला तशीच गवतात सोडून निघून गेला. ओपल काहीतरी बोलत होती. रोझला ऐकू येत नव्हतं.

७

सोमवारी सकाळी वेंडल नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आला होता. चौतिशीचा, शांत, हाताला गुण असलेला माणूस. डिसेंबरात रोझ निवृत्त होणार आणि तिची जागा त्याला मिळणार, हे ठरलेलं होतं. तिनेच ठरवलं होतं.

तिने पट्टी टेबलावर ठेवली. त्याने ती पाहिली आणि हातातली टेप खाली ठेवली.

“ग्रेडीने फोन केला,” तो म्हणाला. “त्याला मीच सोडलं होतं बाहेर, आणि परतल्यावर त्याच्या दाराला पट्टीही मीच लावली. तासाभरात येतो म्हणाला. गच्चीवर त्याने तिचं जाकीट ओढलं, त्या जाड्याचं काय घालतेस म्हणून. कठडा गेला. मी पोचलो तेव्हा ती बसलेली होती, मिस रोझ. बोलत होती. पाय दुखतोय म्हणाली.”

“मी तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं?”

“आधी डोकं, मग पाय.” तो पुटपुटला. “डोळे बघितले मी तिचे. ठीक वाटले.”

“अँब्युलन्स?”

“बोलावली असती तर पोलीस आले असते. ग्रेडी तिथे, मी तिथे. मला वाटलं तबेल्यावरची पोरं घेऊन जातील तिला. पोरं पळाली.”

“आणि सकाळी ती तशीच सापडली, लोटुच्या जाकिटात, हे कळल्यावर तू त्याची पट्टी तोडलीस. घोरणाऱ्या पोराच्या दाराबाहेर उभा राहून.”

वेंडल रडायला लागला. रोझलाही रडू येत होतं, पण तिने ते गिळलं. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची? आणि हे कुंपण तिने स्वतःच्या हाताने घातलं होतं.

“चार वाजता समिती आहे,” ती म्हणाली. “मी सांगण्यापेक्षा तू सांग. तुझ्या तोंडून आलं तर तुझं थोडं तरी वाचेल.”

“सांगतो. मीच सांगतो. मला दुपारपर्यंत वेळ द्या.”

तिने दिला. इतकं कळूनही दिला, कारण पंधरा वर्षांचा विश्वास एका रात्रीत मोडत नाही, मोडायला आणखी थोडा वेळ लागतो.

८

समितीच्या खोलीत डीन एल्ड्रिजबाई, दोन प्राध्यापक, कोच, ग्रेडी आणि एका टोकाला लोटु होता. त्याच्या शेजारी बसमधून थेट आलेली त्याची आई, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

रोझने सगळं क्रमाने सांगितलं. ब्रँटने ऐकलेलं घोरणं, लोखंडी बाक आणि हिरवी कुसळं, दारावरची सरळ तुटलेली टेप, आणि उलट्या हाताची पट्टी. नाव तिने घेतलं नाही. वेंडलकडे पाहून ती खाली बसली.

वेंडल उठला.

“मिस रोझ म्हणतात ते बरोबर आहे,” तो म्हणाला. “पट्टी डावखुऱ्या हाताची आहे. ती मिस रोझचीच आहे.”

कोच खुर्चीत पुढे सरकले. वेंडल बोलतच राहिला.

“लोटुवर त्यांचा मुलासारखा जीव आहे. त्याने बोलावलं असणार, त्या गेल्या असणार. आता त्याला वाचवायला त्या मला पुढे करतायत. मला बोलायचं नव्हतं. पण माझ्यावरच शेकत असेल तर काय करू?”

डीनबाईंनी चष्मा काढला. “मिस पिकेट, शुक्रवारी रात्री तुम्ही कुठे होता?”

“घरी. एकटी.”

लोटुच्या आईने मुलाचा हात धरला. त्या एका उत्तराने तो परत गुन्हेगार झाला होता, आणि आता रोझही त्याच्याबरोबर.

वेंडल तिच्याकडे बघत नव्हता. आणि तेवढ्यात रोझला उमगलं की हे त्याला आयत्या वेळी सुचलेलं नाही. त्याने हिशेब करूनच हा डाव टाकला होता. या डावाला एकच तोड होती, ती रोझशिवाय फक्त त्याला माहीत होती, आणि रोझ मेली तरी ते सांगणार नाही याची त्याला खात्री होती. ज्याला मायेने जवळ केलं त्याने केसाने गळा कापला होता.

“मला पाच मिनिटं द्या,” रोझ म्हणाली. “गाडीतून एक वस्तू आणायची आहे.”

ती परत आली तेव्हा तिच्या हातात मोठं पिवळं पाकीट होतं, दोन वर्षं सीटखाली लपवलेलं. त्यातली काळी फिल्म तिने टेबलावर ठेवली.

“हा माझ्या दोन्ही अंगठ्यांचा एक्स-रे. दोन वर्षांपूर्वीचा, शेजारच्या गावच्या डॉक्टरांकडचा. सांधे झिजले आहेत. मला चिमटीत जोर देता येत नाही. बाटलीचं झाकण उघडत नाही, बटण लावायला वेळ लागतो. टेप तर मी दोन वर्षांत एकदाही बोटांनी तोडलेली नाही. कात्रीने कापते. कोचना हे कळलं असतं तर त्यांनी मला तेव्हाच घरी बसवलं असतं, म्हणून लपवलं. खोटं बोलले, कडा स्वच्छ येतात म्हणून.” तिने जूनीची पट्टी पुढे सरकवली. “हिच्यात टेपचे नऊ तुकडे आहेत. नर्सने कापलेली उभी रेघ सोडा. प्रत्येक तुकड्याचं टोक बोटांनी तोडलेलं आहे. दारावरचंही. माझ्या रीतीने बांधणारा आणि बोटांनी तोडणारा माणूस या गावात एकच आहे. त्या डॉक्टरांकडे मला गाडीतून नेलं तेही त्यानेच.”

डीनबाईंनी टोकं एकेक करून पाहिली. मग एका प्राध्यापकाकडे सरकवली.

“मिस्टर ग्रायर?” त्यांनी विचारलं.

बोलला तो ग्रेडी.

“मी ढकललं नाही तिला,” तो म्हणाला. “मी फक्त जाकीट ओढलं. कठडा धरला तर तोच तुटला. वेंडल म्हणाला, तू जा, मी बघतो सगळं. मला वाटलं त्याने बघितलं.”

लोटुच्या आईला भाषा पुरती कळत नव्हती, पण मुलाचा चेहरा कळला. तिने पिशवी खाली ठेवली आणि त्याचं भलंमोठं डोकं आपल्या खांद्याशी ओढून घेतलं.

९

बाहेर आल्यावर कोच रोझच्या मागोमाग आले.

“शनिवारी सकाळी ग्रेडीच्या तोंडाला दारूचा वास येत होता,” ते हळू म्हणाले. “मी म्हटलं, सामना होऊ दे, मग बोलू. मला काय माहीत त्यात एवढं असेल म्हणून.”

“पट्टी फाटली म्हणून लोटुला धरलंत, आणि वास येत असून ग्रेडीला खेळवलंत.”

“तू समजून घे, रोझ.” मग ते म्हणाले, “तुझ्या हातांचं मला आधी सांगायला हवं होतंस. आता मला आठवड्यात नवीन माणूस बघावा लागणार.”

तिने गळ्यातली कात्री काढून त्यांच्या हातात दिली आणि पुढे चालू लागली. तीस वर्षांत या माणसासाठी तिने किती शनिवार दिले, ते मोजायला आज तिला बळ नव्हतं.

जिन्याखालच्या बाकावर वेंडल पोलिसाची वाट बघत बसला होता. ती त्याच्यासमोर थांबली. रागाने बोलायचं ठरवून आली होती, पण विचारलं गेलं ते वेगळंच.

“तू निघालास तेव्हा ती काही बोलली का रे?”

वेंडलने जमिनीकडे बघत होकारार्थी मान हलवली.

“पट्टी छान बांधलीत म्हणाली. आभार मानले माझे.” त्याने तळहात गुडघ्यांवर पुसले. “मग विचारलं, अँब्युलन्सला किती वेळ लागेल.”

“तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, निघालीये. तू इथेच बसून राहा.”

रोझ दवाखान्याच्या रस्त्याला लागली, लोटु आणि त्याची आई तिथे आधीच पोचले असतील म्हणून.